काही होत नाही म्हणणाऱ्यांनो

उंब्रज आलं तेव्हा माझी भाची टक्क जागी होती. स्वारगेटहून गाडी सुटल्यापासून तिनं डोळ्याला डोळा लावला नव्हता. खंबाटकीचा घाट गेला, भुईंज गेलं, साताऱ्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली, नागठाणे, अतीत, काशीळ अशी एकेक पाटी ती मनात वाचत होती. पिशवी मांडीवर, पाण्याची बाटली पिशवीत, चप्पल पायात घट्ट. कंडक्टरनं मागं वळून विचारलं, “उंब्रज कोण हाय का?” तिनं हात वर केला. पूर्ण नाही, खांद्यापर्यंत. तोंड उघडलं. आवाज आला नाही. ओढणी सावरतेय असं कंडक्टरला वाटलं. दोन बेल पडल्या. उंब्रज मागं गेलं.

हे तिचं गाव. तिथं ती जन्मली, शाळेत गेली, सायकल शिकली. त्या गावावरून ती खिडकीत बसून पुढं निघाली आणि पोटात गोळा धरून थेट कराडला उतरली. कंडक्टरचा यात काडीचा दोष नाही. त्यानं विचारलं होतं.

कराडच्या स्टँडवर आईचा फोन आला, “कुठवर आलीस?” भाची म्हणाली, “कराडला आलेय. प्रीतिसंगम बघायचा होता.” आता या मुलीला खोटं पचत नाही. बोललोच आहोत तर ते खरं तरी करू, म्हणून पाठीवर बॅग घेऊन ती चालत प्रीतिसंगमावर गेली. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तिथं उभी राहिली, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार केला, आईला पाठवायला एक फोटो काढला, आणि मग उलट्या दिशेची गाडी धरून दिवेलागणीला घरी पोचली. त्या गाडीत ती अगदी पुढच्या सीटवर बसली होती आणि उंब्रजची पाटी दिसायच्या आधीच उठून दारात उभी होती.

आणखी एक गोष्ट राहिली. पहिल्या गाडीत तिकीट काढताना कंडक्टरकडं सुट्टे नव्हते. बायकांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे रक्कम अधलीमधली येते आणि सुट्ट्यांचा घोळ होतो. कंडक्टरनं रिवाजाप्रमाणे तिकिटाच्या पाठीवर पेननं ‘४०’ लिहून दिलं. उतरताना मागून घ्यायचे. कराडला सगळे उतरले, तीही उतरली. कंडक्टर समोर उभा राहून हिशेब करत होता. तिनं तिकीट मुठीत धरलं, त्याच्याकडं बघितलं आणि निघून आली.

हे सगळं तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. तोवर तिला मुंबईत नोकरी लागली होती आणि ती आमच्याकडं डोंबिवलीला राहायला आली होती. प्रीतिसंगमापर्यंत आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मग ती थांबली आणि म्हणाली, “मावशी, मला सगळे सांगतात, घाबरू नकोस, काही होत नाही. पण झालं ना?”

झालं. अगदी खरं आहे तिचं.

म्हणून हा लेख त्या वाक्यासाठी. काही होत नाही! मराठी घरात हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोललं जातं आणि त्याचा उपयोग शून्य. दाताच्या डॉक्टरकडं जायचंय? काही होत नाही. एकटीनं रात्रीचा प्रवास? काही होत नाही. पहिलाच इंटरव्ह्यू? अगं, काही होत नाही. बोलणारा बोलून मोकळा होतो आणि ऐकणारीच्या हातात काय पडतं? काही नाही. उलट एक जास्तीचं ओझं पडतं: काही होत नसताना मी घाबरते, म्हणजे माझ्यातच खोट आहे. स्टॉप चुकतो. गाडी चुकते. भलत्या फलाटावर माणूस उभं राहतं. चारचौघांत फजिती होते. होतं, सगळं होतं. काय होऊ शकतं आणि झालं तर पुढं काय करायचं, एवढं सांगा. उंब्रज चुकलं तर कराडला उतर, परतीची गाडी मिळते. हे एक वाक्य तिला कुणी आधी दिलं असतं तर त्या वीस मिनिटांत खिडकीत बसून तिनं स्वतःला एवढं कोसलं नसतं.

आवाज न येण्याचं कारणही आहे. भीती वाटली की अंगात अॅड्रेनलिन धावतं. शरीराला वाटतं, आता पळायचं किंवा लढायचं आहे. मग पचनाचं काम बाजूला पडतं, तोंडातली लाळ आटते, जीभ टाळ्याला चिकटते, छातीत धडधड होते. बिबट्या समोर आला तर हे उपयोगाचं आहे. कंडक्टर समोर आला तर नाही. पण शरीराला बिबट्या आणि कंडक्टर यांतला फरक सांगायला वेळ लागतो, आणि तोवर दोन बेल पडलेल्या असतात. याला घाबरटपणा म्हणून हिणवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ती मुलगी गप्प राहिली नव्हती. तिनं हात वर केला होता, तोंड उघडलं होतं. तिच्याकडून जे होणार होतं ते तिनं केलं होतं.

पोह्यांची गोष्ट सांगते. रविवारी सकाळी आमच्या घराजवळच्या गाडीवर ती पोहे खायला गेली. प्लेट तीस रुपयांची. पैसे फोनवरून दिले आणि गडबडीत एक शून्य जास्त पडलं. गाडीवरचा तो छोटा डबा खणखणीत आवाजात बोलला, “तीनशे रुपये प्राप्त झाले.” रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. गाडीवाला भला माणूस. तोच म्हणाला, “ताई, तीसच होते.” भाचीचे कान तापले. चूक झाली म्हणायचं, मग तो पैसे परत देणार, मग रांग खोळंबणार, मग मागचे लोक बघत राहणार. तिच्या तोंडून बाहेर पडलं, “नाही नाही, दहा प्लेट पाहिजेत.”

त्या सकाळी आम्हा चार माणसांपुढं दहा प्लेट पोहे होते. वर शेव, ओलं खोबरं, लिंबाच्या दहा फोडी. शेजारच्या आजोबांना दोन प्लेट नेऊन दिल्या तरी दुपारी पातेल्यात पोहे होतेच. माझा नवरा म्हणाला, “अगं, मागून घ्यायचे पैसे, त्यात काय!” मी त्याला डोळ्यानं गप्प केलं. त्यात काय, हे ‘काही होत नाही’चं धाकटं भावंड. मागून घ्यायचं म्हणजे तिच्यासाठी सात-आठ अनोळखी माणसांच्या नजरेखाली अर्धा मिनिट उभं राहायचं. त्यापेक्षा तिला दहा प्लेट उचलणं सोपं गेलं. त्या क्षणी तिनं हिशेब केला आणि तिच्या परीनं तो बरोबर होता.

रेल्वेत तर ती आणखी जपून असते. कराडहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला येताना तिला वरचा बर्थ मिळाला आणि जवळच धोक्याची साखळी. खाली सूचना: विनाकारण ओढल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. तिनं रेल्वे कायद्याचं कलमसुद्धा फोनवर शोधून काढलं, १४१. झोपेत हात लागला तर ते विनाकारण धरतात का, हे काही कलमात लिहिलेलं नव्हतं. रात्रभर दोन्ही हात ओढणीत गुंडाळून झोपली. सकाळी दादरला उतरली तेव्हा मनगटांवर ओढणीच्या चुण्या उमटलेल्या.

पण खरी परीक्षा लोकलची. आणि इथं मी स्वतः तिला चुकीचं सांगितलं. दादरहून डोंबिवलीला यायचं होतं. मी सवयीनं जुना फलाट क्रमांक सांगून मोकळी झाले. दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे फलाट पूर्वी एकापासूनच मोजले जायचे, त्यामुळे एकाच आकड्याचे दोन दोन फलाट होते आणि नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर २०२३ मध्ये ते सलग केले. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्यचे आठपासून चौदापर्यंत गेले. हे मला माहीत होतं, तरी जिभेवर जुनाच आकडा आला. भाची मी सांगितलेल्या आकड्याच्या फलाटावर जाऊन उभी राहिली. तिथं बोरिवली आली, विरार आली, पुन्हा बोरिवली आली. डोंबिवली काही येईना. पाटी वेगळं सांगत होती, मावशी वेगळं. तिनं पाऊण तास मावशीवर विश्वास ठेवला. त्या पाऊण तासाचं मला आजही वाईट वाटतं.

मग जिना चढून ती मध्य रेल्वेच्या फलाटावर आली. ठाण्यापर्यंत धीम्या गाडीनं रखडू नको, जलद गाडी धर, असंही मी सांगितलं होतं. गाडी आली. कपाळावर अक्षर होतं, एस. एस म्हणजे स्लो, असं वाटून तिनं सोडली. दुसरी आली, तिच्यावरही एस. तीही सोडली. संध्याकाळच्या गर्दीत खांबाला पाठ लावून तिनं अशा तीन गाड्या जाऊ दिल्या. त्या तिन्ही कर्जत जलद होत्या आणि तिन्ही डोंबिवलीला थांबणाऱ्या होत्या. कल्याणनंतर रुळांना दोन फाटे फुटतात. एक ईशान्येकडं कसाऱ्याला जातो, एक आग्नेयेकडं कर्जतला. म्हणून कसाऱ्याच्या गाडीला इंग्रजी दिशांवरून एन अक्षर आणि कर्जतच्या गाडीला एस. गाडी जलद की धीमी हे सांगणारं अक्षर वेगळं असतं. इथं रोज लाखो माणसं ये-जा करतात, त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं, पण अंगवळणी पडलेलं असतं. अंगवळणी पडलेल्या माणसाला वाटतं की यात सांगण्यासारखं काय आहे.

ध्वनिक्षेपकावर सांगतात की, असं कुणी म्हणेल. सांगतात. पण घाबरलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट ऐकू येते, स्वतःच्या छातीतली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी कागद घेतला आणि तिला चिठ्ठी लिहून दिली. ‘घाबरू नकोस’ असं त्यात कुठंही नव्हतं. आकडा बघू नकोस, पाटीवरचं गावाचं नाव वाच. एस म्हणजे कर्जत, एन म्हणजे कसारा, के म्हणजे कल्याण, तिन्ही तुला चालतील, फक्त जलद आहे ना एवढं बघ. ठाणं गेलं की दाराकडं सरकायला लाग, कारण गाडी अर्धं मिनिटही थांबत नाही. पुढं उभ्या असलेल्या बाईला एकच शब्द विचारायचा, “डोंबिवली?” तिनं मान डोलावली तर तिच्या मागं उभी राहा, ती तुला घेऊन उतरेल. मान हलवली तर तीच बाजूला होईल. आणि समजा उतरता आलंच नाही, तर पुढं कल्याण आहे. कल्याणहून उलटी गाडी दर काही मिनिटांनी आहे. मला फोन कर, मी जेवायला थांबते.

तो एक शब्द तिला फार कामाला आला. ती आधी काय करायची? पूर्ण वाक्य तयार करायची: “एक्स्क्यूज मी, तुम्ही डोंबिवलीला उतरणार आहात का?” ते वाक्य मनात तीनदा म्हणून बघायची, त्यातलं ‘आहात’ नीट वाटतंय का तपासायची, आणि चौथ्यांदा म्हणेपर्यंत डोंबिवली मागं गेलेली असायची. लोकलच्या डब्यात पूर्ण वाक्य कुणीच बोलत नाही हे कळल्यावर तिला केवढं हायसं वाटलं! तिच्या चेहऱ्यावरूनच ते कळलं.

आता ‘आमच्या वेळी’वाल्यांकडं येते. आमच्या वेळी आम्ही आठव्या वर्षी एकटे एसटीनं मामाच्या गावाला जायचो, ही बढाई प्रत्येक लग्नकार्यात ऐकू येते. ऐकायला छान आहे. पण नीट आठवा. तुम्हाला गाडीत बसवताना वडील काय करायचे? खिडकीतून कंडक्टरला हाक मारायचे, “मास्तर, पोराला अमुक फाट्यावर उतरवा, तिथं त्याचा मामा येणार आहे.” शेजारच्या बाईला सांगायचे, “वहिनी, जरा लक्ष ठेवा.” फाट्यावर मामा बैलगाडी किंवा सायकल घेऊन तासभर आधीच येऊन बसलेला असायचा. तुम्ही एकटे नव्हताच. अख्खी गाडी तुमच्याबरोबर होती. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली, तेव्हापासून किती पोरं अशी कंडक्टरच्या हवाली होऊन गावाला पोचली असतील! ती सोबत चांगली होती, मला ती फार आवडते. पण तिला स्वतःची हिंमत म्हणू नका, आणि त्या हिमतीच्या मापानं आजच्या पोरीला मोजू नका. तिला कुणाच्या हवाली केलेलं नाही. तिच्या हातात तिकीट आहे, फोन आहे, आणि ‘काही होत नाही’ आहे.

भीतीवर हसत हसत इलाज शोधणारा एक माणूस होऊन गेला, अल्बर्ट एलिस. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ. १९५५ पासून त्यांनी विचारांवर काम करणारी आपली उपचारपद्धती मांडली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकामुळे ते मराठी वाचकांना घरचेच झाले आहेत. तर हे एलिस तरुणपणी असेच बुजरे होते. मुलींशी बोलायचं म्हटलं की ततपप. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला एक काम लावून घेतलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. असे ते १३० जणींशेजारी जाऊन बसले. ३० जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी ते बोलले: पक्षी, फुलं, झाडं, पुस्तकं, काय सुचेल ते. एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं. ती आली नाही.

शंभरात एक, आणि तीही आली नाही. पण एलिस यांची भीती गेली. कुणी पोलीस बोलावला नाही, कुणी किंचाळलं नाही, कुणी त्यांना खाऊन टाकलं नाही. नकार म्हणजे काय असतं ते त्यांनी शंभर वेळा चाखून बघितलं, आणि ते कडू असलं तरी विष नाही हे त्यांना कळलं. ‘काही होत नाही’ असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते घरीच बसले असते. पुढं आपल्याकडं येणाऱ्या माणसांनाही ते अशीच कामं लावत. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं रस्त्यातून फिरवा. भुयारी रेल्वेत उभं राहून स्टेशनांची नावं मोठ्यानं ओरडा.

हे दुसरं मी भाचीला वाचून दाखवलं आणि आम्ही एकमेकींकडं बघितलं.

रविवारी दुपारी ठाण्याहून धीम्या लोकलचा बायकांचा डबा धरला. रिकामा नव्हता, पण बसायला जागा होती. गाडीत यंत्रावर ‘पुढील स्टेशन’ सांगतातच, त्यामुळे आमच्या ओरडण्याची कुणालाच गरज नव्हती. गरज नसतानाच ओरडायचं, हाच तर अभ्यास. कळव्याला तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मुंब्र्याला ती ‘मुंब्रा’ म्हणाली, पण ते फक्त मी ऐकलं. मी तिचा हात धरून ठेवला, हाताला दरदरून घाम. मग तिनं डोळे मिटले आणि खच्चून ओरडली, “दिवाऽऽ!” क्लिपा-रबरं विकणारी बाई दचकली आणि तिनं विचारलं, “यंत्र बंद पडलं का गं?” समोरच्या दोन कॉलेजच्या मुली फस्सकन हसल्या. तोंडावर हात ठेवून, एकमेकींना कोपरानं ढोसत, खूप हसल्या. दिव्यापासून कोपरपर्यंत हसल्या. कोपरला उतरून गेल्या.

गाडी सुटली आणि भाची म्हणाली, “संपलं?” मी म्हटलं, “संपलं.” चार लोक हसतील या धास्तीनं जी मुलगी आपल्या गावी उतरली नव्हती, तिला ते हसणं केवढं लांब असतं ते आता नेमकं माहीत झालं. एक स्टेशन.

कुणाला वाटेल की एका ओरडण्यात भीती पळाली. नाही पळाली. मधे पंधरा दिवस असे आले की ऑफिसला जायच्या विचारानं तिला रात्रीची झोप लागेना, जेवण जाईना. अशा वेळी मावशीची चिठ्ठी पुरत नाही. भीतीनं झोप, जेवण आणि काम या तिन्हींवर हात टाकला की जाणकाराकडं गेलं पाहिजे, आणि याची कुणीही लाज बाळगू नये. सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण जिला फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचीच भीती आहे तिच्या हातात नुसता क्रमांक ठेवून आपण उठून जायचं नसतं. मी क्रमांक लावला, पहिली दोन वाक्यं मी बोलले, मग फोन तिच्याकडं दिला आणि स्वयंपाकघरात गेले. पाऊण तासानं ती बाहेर आली आणि तिनं खायला मागितलं. पुढं एका समुपदेशक बाईंकडं ती काही महिने जात राहिली. पहिल्या दोन खेपांना मी दाराबाहेर बाकावर बसले होते. तिसऱ्या खेपेला तिनंच सांगितलं, “तू नको येऊस.”

जी माणसं घाबरतात त्यांच्याबद्दल आणखी एक सांगायचंय. त्यांच्या पिशव्या बघा. भाचीच्या पिशवीत आल्याच्या वड्या असतात, ओआरएसची पाकिटं, सेफ्टीपिना, दोन रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेगळ्या बटव्यात दहा-वीसच्या नोटा, फोन बंद पडला तर म्हणून वहीत हातानं लिहिलेले सात फोन नंबर. या सगळ्याला घरात हसतात. गेल्या दिवाळीत ती पुण्याहून गावी निघाली तेव्हा तिच्या शेजारी भुईंजच्या एक आजी बसल्या होत्या. खंबाटकीच्या वळणांवर आजींना मळमळायला लागलं. पिशवी भाचीनं दिली, पाणी भाचीनं दिलं, आल्याची वडी भाचीनं दिली. आजींना बरं वाटलं आणि त्यांचा डोळा लागला.

भुईंज आलं. कंडक्टरनं विचारलं, “भुईंज?” दोघं उतरले. आजी झोपेत. दोन बेल पडल्या. गाडी हलली. आणि माझी भाची, जिच्या गळ्यातून स्वतःच्या गावाचं नाव निघालं नव्हतं, ती उभी राहून ओरडली, “ओ मास्तर, थांबवा! आजी राहिल्यात!” एक बेल. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. सगळी गाडी तिच्याकडं बघायला लागली. तिचं कुणाकडं लक्षच नव्हतं, ती आजींची काठी शोधत होती.

घरी पोचल्यावर तिनं फोन केला आणि हे सगळं सांगितलं. मी विचारलं, “आणि उंब्रजला?” ती म्हणाली, “काशीळ गेल्यावरच जाऊन दारात उभी राहिले, मावशी. ओरडायला नाही लागलं.” या खेपेलाही कंडक्टरकडं सुट्टे नव्हते आणि तिकिटाच्या पाठीवर आकडा लिहिलेला होता. बोलायला तिला जमलं नाही. तिनं तिकीट उलटं करून, आकडा वर ठेवून, हात पुढं केला. त्यानं वीसची नोट दिली.

ते पहिलं तिकीट मात्र तिनं अजून पर्समध्ये जपून ठेवलंय. मागच्या आठवड्यात मला दाखवलं. यंत्रातून येतो तसल्या गुळगुळीत कागदावरची छपाई पार उडून गेलीये. गाव, तारीख, भाडं, काही वाचता येत नाही. पाठीवर पेननं लिहिलेले ४० तेवढे ठळक आहेत.